मीठपाण्यातले खिळे

भुताच्या गोष्टीत भूत शेवटी येतं. माझ्या गोष्टीत ते पहिल्याच दृश्यात आलं. सकाळच्या एसटीनं, डोक्यावर पदर, काखेत आंब्याची पेटी. आणि घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्यानं माझा दंड बघायला मागितला.

ह्या माझ्या सासूबाई. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमारासचा मे महिना होता, घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी चाळीत आमची दीड खोली होती आणि मला सातवा लागला होता. मी वाकून नमस्कार करायला गेले तर त्यांनी मला वरच्यावर धरलं, पेटी खाली ठेवली आणि माझी बाही खांद्यापर्यंत सरकवली. दंड दिव्याकडे वळवून पाहिला. मग दुसरा पाहिला. बाजारात कोंबडी घेताना बायका पंख उचलून बघतात, तसा.

"सुई टोचून घेतलंस काय?"

"घेतलं एक, आई."

"आणि दुसरी?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. पेटीवरची सुतळी सोडायला बसल्या.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं हे मलाही माहीत होतं. पण माझं माहेर म्हणजे विलेपार्ल्यात वडील आणि दोन भाऊ. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या तिघांना मिळून एक कप चहा करता येत नसे. म्हणून सासूबाईंना गावाहून बोलावलं. त्याआधी त्यांची-माझी भेट फक्त लग्नात झाली होती, तीही लांबून. माझा नवरा आणि मी मरोळला एका पंख्यांच्या कारखान्यात होतो. तो स्टोअर्समध्ये, मी टायपिस्ट. त्याचे वडील गिरणीत होते, ते गेल्यावर सासूबाई कोकणात घर धरून राहिल्या. त्यांची मालवणी मला निम्मी कळायची. उरलेली निम्मी मी कल्पनेनं भरून काढायची, आणि माझी कल्पना तेव्हा फार जोरात होती. कारखान्याच्या नाटकात दरवर्षी मला भूमिका मिळे, बहुतेक वेळा मरणाऱ्या बाईची. मला मरायला छान जमायचं. तिसऱ्या अंकात मी मान टाकली की पॅकिंग खात्यातल्या बायका पदर डोळ्यांना लावत.

तर ती सुई.

महापालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातलं होतं. तिथे बाकावर आम्ही पोटुश्या बायका ओळीनं बसायचो आणि एक जाडजूड नर्स स्टीलच्या ट्रेमधल्या उकळलेल्या सुया चिमट्यानं उचलून एकेकीला टोचत पुढे सरकायची. पाचव्या महिन्यात माझी पाळी आली. कसलं इंजेक्शन, विचारलं. "धनुर्वाताचं. महिन्याभरानं दुसरं." बस्स. त्या रात्री माझा दंड सुजला, अंगात कणकण भरली, आणि मी ती संधी सोडली नाही. दोन दिवस पडून राहिले, नवऱ्याला कण्हून दाखवलं, त्यानं घाबरून नारळपाणी आणलं.

पण दुसऱ्या सुईला मी गेले नाही त्याचं कारण दंड नव्हे. मला ती पटेना. धनुर्वात कशानं होतो हे पार्ल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पायात गंजका खिळा गेला की. आम्ही लहानपणी खिळा लागला की धावत दवाखान्यात जायचो आणि मग बिस्किटांच्या कारखान्याचा वास हुंगत लंगडत घरी यायचो. मला कुठे खिळा लागला होता? मी नर्सला तसं विचारलंही होतं, सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट झाली. बाकावरच्या बायका गप्प झाल्या. माझ्या शेजारच्या बाईनं आपल्या पोटावरचा पदर ओढून घेतला. नर्स म्हणाली, "अहो बाई, पोटुशी माणसं बसलीत इथे. नको त्या गोष्टी काढू नका."

म्हणजे सुई घ्यायची, पण कशासाठी ते विचारायचं नाही. मी शेजारच्या काकूंना विचारलं. ह्या काकू साताऱ्याकडच्या, चार मुलांची आई, चाळीतल्या कुठल्याही विषयावर दोन मतं देणाऱ्या. त्यांनीसुद्धा हातातलं सूप खाली ठेवलं आणि इकडेतिकडे पाहिलं. "घे गं गुपचूप. असलं तुझ्यासमोर बोलायचं नसतं. आधी मोकळी हो, मग सांगते."

मोकळी झाल्यावर सांगून काय उपयोग, असं मी म्हटलं. त्यावर काकूंनी सूप उचललं आणि तांदूळ इतक्या जोरानं पाखडले की कोंडा माझ्या नाकात गेला.

सासूबाई आल्या आणि ह्या गप्प बसण्याला घरातच मुक्कामाला जागा मिळाली. सकाळी मी उठले की त्या मोरीशी बसलेल्या असत. माझ्याकडे बघत. चहा देताना बघत. माझा हात वर जाऊन गजरा माळू लागला की त्यांची नजर दंडावर. रोज एकदा तरी प्रश्न. "आज जातंस काय?" नाही म्हटलं की त्या खिडकीकडे तोंड करून पुटपुटत. काय पुटपुटत ते कळत नसे. नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "देवाचं काहीतरी असेल. तू कशाला मनावर घेतेस यार, घे ना एक सुई."

"तू घे."

"मला कशाला?"

"मग मला कशाला? सांग, तुझ्या आईला विचारून सांग."

त्यानं विचारलं. मी दाराबाहेर कान लावून होते.  मग सासूबाईंचा आवाज, अगदी हळू. "असा इचारूचा नसता रे." तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा शाळेतून बाहेर काढल्यासारखा झाला होता.

मग एका दुपारी, जेवणं झाल्यावर, त्यांनी पुन्हा विचारलं आणि मी वैतागून, पण नाटकातल्या बाईच्या थाटात, खुर्चीवर पाय वर घेऊन जाहीर केलं, "आई, आता कान देऊन ऐका. खिळा लागला तरच मी ते इंजेक्शन घेईन. गंजका खिळा. तोपर्यंत नाही."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागानं नव्हे. काहीतरी नीट ऐकून घ्यावं तशा. मग ताटं उचलून मोरीकडे गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी सुईचा विषय काढला नाही.

पहिला खिळा मला उंबरठ्याशी सापडला. लांब, वाकडा, तपकिरी. मी उचलून गॅलरीतून खाली टाकला आणि विसरले. दुसरा चपलांच्या शेजारी होता. चपलेत नव्हे, शेजारी, टोक माझ्या चपलेकडे करून. तिसरा मोरीच्या कट्ट्यावर, साबणाच्या वडीजवळ. तो मी बराच वेळ हातात धरून उभी राहिले. चाळीत सुतारकाम चालू नव्हतं. घरात भिंतीला आधीचेच चार खिळे, ते जागच्या जागी. हा कुठून आला? आणि सगळे गंजलेलेच कसे? त्या रात्री मी नवऱ्याला दाखवला, तर तो म्हणाला, "जुनी चाळ आहे, पडत असतील." लाकडातून खिळे पावसासारखे पडत नाहीत, असं मी म्हटलं. तो झोपला होता.

चौथा माझ्या उशाखाली होता.

त्यानंतर मला झोप लागेना. दिवसा खाली बघून चालायला लागले. पोट इतकं पुढे आलेलं की स्वतःचे पाय दिसत नव्हते, आणि नेमकं पायाखालीच बघायचं. कारखान्यात टायपरायटरसमोर बसले की वाटे, आता बोटाखालून खिळा निघेल. बाळ पोटात लाथा मारायचं ते एक दिवस सकाळपासून गप्प होतं. काही विशेष नाही, त्याचीही सुट्टी असेल, पण त्या दिवशी मी दर अर्ध्या तासानं पोटाला हात लावत होते आणि प्रत्येक वेळी आधी मागे वळून पाहत होते.

आणि मग गॅलरीत सापडला तो वाडगा.

गॅलरीच्या कोपऱ्यात आंब्याची रिकामी पेटी ठेवली होती. फळ्या निघालेल्या, आणि जिथे खिळे होते तिथे फक्त भोकं. पेटीच्या मागे जुन्या वर्तमानपत्राखाली एक जर्मनचा वाडगा. मी कागद उचलला. आत पाणी, पाण्याच्या काठावर मिठाचा पांढरा थर, आणि तळाशी खिळे. काही नुसते डागाळलेले, काही पुरते तांबूस झालेले. पाणी चहासारखं झालं होतं. कुणीतरी पेटी मोडून, एकेक खिळा उपटून, मीठ घालून, राखून, झाकून गंज चढवत ठेवला होता. रोज थोडा थोडा. लोणच्यासारखा.

मी कागद होता तसा ठेवला आणि काकूंकडे गेले. त्यांना सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदा दाराची कडी लावली.

"मीठ आणि खिळे? पोटुशीच्या उशाखाली?"

"हो."

"आमच्याकडे असं करतात," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "जाऊ दे. तुझ्यासमोर नको."

"काकू, तुम्ही आता बोलला नाहीत तर मी इथेच बाळंत होईन."

"अगं, पण सून-नातवावर कोण करतं? सून आवडत नसेल एखादीला, पण नातू?" मग त्यांनी माझ्याकडे बघून आवाज आणखी खाली आणला. "तू पार्ल्याची. प्रेमविवाह. त्यांच्या मनात गावची कुणी असेल तर?"

एवढं पुरेसं होतं. त्या संध्याकाळपासून मी जी भूमिका केली ती मला आजवर कुठल्या नाटकात मिळाली नाही. सासूबाईंनी वाढलेलं आधी नवऱ्याला खायला लावायचं, तो अर्धा तास जिवंत राहिला की मग मी घास घ्यायची. त्यांनी केस विंचरायला कंगवा घेतला की डोकं दुखतंय म्हणायचं. त्यांनी पोटावर हात ठेवायला पुढे केला तर मी मागे सरकले, आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो हळूच पदराला पुसला. ते मला दिसलं. पण मला तेव्हा त्या हाताला मिठाचा वास येतोय असं वाटत होतं.

खिळे थांबले नाहीत. आता ते रोज एक नव्या जागी दिसत. दिसत, लागत कधीच नसत. ह्यातला फरक माझ्या लक्षात यायला हवा होता, पण भ्यालेल्या माणसाला फरक कळत नाहीत.

शेवटी खिळा लागला तो नवऱ्याला.

रविवारी सकाळी तो दूध घेऊन आला, चप्पल काढून आत आला आणि दारातच एका पायावर नाचू लागला. टाचेत अर्धा इंच. रक्त फरशीवर. मी किंचाळले, काकू आल्या, काकूंमागून अर्धी चाळ आली, आणि त्या सगळ्यांसमोर मी सासूबाईंकडे बोट करून, माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा संवाद म्हटला, "ह्या खिळे भिजवतात. मीठपाण्यात. गॅलरीत वाडगा आहे. जाऊन बघा."

कुणी गेलं नाही. सगळे सासूबाईंकडे बघत होते. त्या खाली बसून मुलाच्या टाचेतून खिळा काढत होत्या. काढला, एका फडक्यानं रक्त पुसलं, टाच धुतली, दुसरं फडकं बांधलं. मग मुलाला म्हणाल्या, "आधी जा. सुई घेऊन ये. चालत जाव नको, कोणाच्या तरी सायकलवर बस." तो एका पायावर गेला. दोन मुलं त्याला धरून गेली. आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"तूच म्हटलंस ना, खिळो लागलो तरच घेईन. म्हणान खिळे."

मला कळलं नाही.

"पेटयेचे खिळे नवे होते. नवो बघून तू हसलं असतंस. म्हणान गंज चढवलंय. तुझ्या पायात घालूक नाय गो. तुका दिसतीत अशे ठेवलंय. भिऊन तरी सुईक जाशीत म्हणान." त्यांचा आवाज तुटला नाही, पण हातातलं रक्ताचं फडकं पिळायचं थांबत नव्हतं. "ह्यो मात्र पायात जातलो असा वाटूक नाय. माझ्या झिलाच्याच पायात गेलो."

 एवढ्यात काकू म्हणाल्या, "पण मावशी, साधं सांगायचं ना सुनेला. आम्ही सगळ्या सांगत होतोच की, घे म्हणून."

"घे म्हणान सांगलात. कित्याक ता कोणी सांगलात?"

काकूंनी मान खाली घातली. आणि सासूबाईंनी उठून बाकीच्यांना बाहेर काढलं, दार लावलं. आत मी, त्या आणि काकू. त्यांनी मिठाच्या बरणीत हात घातला, मूठभर मीठ माझ्यावरून उतरवलं आणि मोरीत टाकलं. बोलण्याआधी बोलण्याची दृष्ट काढली. मग जमिनीवर माझ्यासमोर बसल्या आणि बोलल्या, आणि त्यांची मालवणी मला त्या दिवशी पहिल्यांदा सगळी कळली.

माझ्या नवऱ्याआधी त्यांना दोन मुलं झाली होती. मुलगा, मग मुलगी. दोन्ही गावी, घरात, सुईणीच्या हातून. दोघंही धडधाकट जन्मली, रडली, प्यायली. मग आठवडा भरत आला तसा मुलगा पिईनासा झाला. तोंडच उघडेना. जबडा घट्ट. भूक लागलेली दिसत होती, दूध गळत होतं, आणि तोंड उघडत नव्हतं. मग अंग ताठ झालं, धनुष्यासारखं मागे वाकायला लागलं. कुणी आवाज केला, दार वाजलं, तरी झटका यायचा. सगळ्यांनी सांगितलं, सटवीनं नेलं. दुसऱ्या वेळी मुलगी. तेच. तशीच. तिसऱ्या वेळी नवऱ्यानं त्यांना मुंबईला आणलं, बाळंतपण इस्पितळात झालं, आणि माझा नवरा जगला. सासूबाई समजल्या की सटवीला मुंबईचा पत्ता सापडला नाही.

"आत्ता दोन वर्सां झाली. गावाक सरकारची नर्स येता, पोटुशी बाईक सुई देता. माझ्यासमोर तिना एका पोरीक सांगल्यान. कशान होता ता. नाळ कापतत तो विळो, त्येका लागलेली माती. नाळेतून पोराच्या आंगात जाता. आईन सुई घेतली तर पोराक होणा नाय." त्या थांबल्या. "आमच्या घरात एकच विळो होतो. गवत कापूक, नाळ कापूक. सासूबायचो. दोघांक तोच."

मग त्यांनी तो शब्द म्हटला. धनुर्वात. मोठ्यानं नाही, पण स्वच्छ, एकेक अक्षर वेगळं. काकूंनी कानांवर हात नेले. मी माझ्या पोटाकडे पाहिलं. आत कुणीतरी कूस बदलली, आणि मला इतकी थंडी वाजली की मे महिन्यात मी शाल मागितली.

मुंबईत विळ्यानं नाळ कापत नाहीत, हे मी त्यांना सांगू शकले असते. ते माझ्या ओठांवर आलंही होतं. पण त्यांनी दोन मुलांची तोंडं स्वतःच्या बोटांनी उघडायचा प्रयत्न केला होता, आणि ती बोटं माझ्यासमोर रक्ताचं फडकं धरून होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं प्रसूतिगृहात गेलो. नवरा लंगडत, मी डुलत, सासूबाई पुढे. नर्सनं माझा कागद पाहिला आणि भुवया चढवल्या. "महिन्याभरानं या म्हटलं होतं. आता आलात?"

"चालेल ना?"

"दिवस भरायच्या आधी थोडा अवधी तरी मिळायला हवा. अंगात मुरायला वेळ लागतो त्याला." तिनं सुई उचलली. "तुमचं बाळ आमचं ऐकून थांबलं तर बरं."

ह्या वाक्यावर सासूबाईंनी डोळे मिटले. सुई आत गेली तेव्हा माझा दंड त्यांच्या हातात होता. त्या रात्री तो सुजला आणि मी कण्हले नाही. ही माझी त्या सबंध प्रकरणातली सर्वांत कठीण भूमिका.

बाळ थांबलं नाही. पूर्ण नऊ महिन्यांआधीच कळा आल्या. सुईनंतर काही आठवडे गेले होते, पण ते पुरेसे होते की नव्हते हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मला विचारायची हिंमत झाली नाही. टेबलावर असतानाही मी डॉक्टरीणबाईंना एकच गोष्ट विचारत होते, कात्री उकळली का. त्या म्हणाल्या, "अहो, आधी जोर लावा. कात्रीचं आम्ही बघू." मुलगी झाली. लहानशी, लाल, चिडलेली.

आणि मग सासूबाईंचा पहारा सुरू झाला.

घरी आल्यापासून त्या बाळाच्या तोंडाकडे बघत बसत. बाकीची मंडळी बाळाचं नाक कुणासारखं, रंग कुणाचा, ते बघत. ह्या फक्त ओठ. बाळ दूध पिताना त्या माझ्या खांद्याशी वाकून असत. घोट गेला, घोट गेला. बाळ झोपलं की त्या आपली करंगळी हळूच त्याच्या ओठांना लावत. ओठ हलले की मागे घेत. शेजारी कुणी भांडं आपटलं आणि बाळ दचकलं, तर त्या श्वास धरून पुढच्या झटक्याची वाट बघत. तो न आल्यावर श्वास सोडत. मीही त्यांच्याबरोबर धरायला आणि सोडायला शिकले. एकमेकींशी आम्ही त्याबद्दल अवाक्षर बोललो नाही. जेवताना मला दिसे की त्या घास तोंडाजवळ नेऊन थांबतात, बाळाकडे बघतात आणि घास परत ठेवतात.

आठवडा भरत आला तसं घरातलं बोलणं कमी कमी होत गेलं. नवरा कामावरून येऊन दारातच विचारायचा, "प्यायली?" एवढंच. त्या दोन भावंडांची गोष्ट त्याला मीच सांगितली होती. त्यानंतर तो आईशेजारी नुसता बसून राहायचा, बाळाकडे बघत, जणू स्वतःलाच बघतोय.

अशा एका सकाळी मालीशवाली आली. चाळीतल्या सगळ्या बाळंतिणींना तीच तेल लावी. बाळाला पायावर घेऊन तिनं बेंबी पाहिली, नाळेचं देठ अजून सुटलं नव्हतं. तिनं कनवटीची पुडी काढली. आत शेणीची राख.

"चिमूटभर लावते. लवकर सुकेल."

मी काही म्हणायच्या आत सासूबाई उठल्या होत्या. त्यांना इतक्या चपळाईनं उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पुडी हिसकावली, गॅलरीतून फेकली, बाळ उचललं आणि ओरडल्या. आख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात, त्या शब्दासकट. राखेत काय असतं, शेणात काय असतं, विळ्याला काय असतं, त्यानं बाळाला काय होतं, तोंड कसं मिटतं, अंग कसं वाकतं. सगळं. दारं उघडली. खालच्या मजल्यावरची एक पोटुशी मुलगी जिन्यात येऊन उभी होती. काकू घाईघाईनं तिच्याकडे गेल्या. "मावशी, अहो, ही आहे इथे. हिच्यासमोर नको."

"हिच्याचसमोर," सासूबाई म्हणाल्या. "काय गो, तू सुई घेतलंस काय? दोन्ही?"

मुलगी रडवेली झाली. तिनं एकही घेतलेली नव्हती.

एवढ्या आरडाओरड्यानं आमची मुलगी जागी झाली. आधी कपाळाला आठ्या. मग तिनं तोंड उघडलं. असं उघडलं की आतली लाल टाळू दिसली, हिरड्या दिसल्या, घशातली पडजीभ थरथरताना दिसली. आणि ती रडायला लागली. तिचं रडणं जिन्यापर्यंत, खालच्या नळापर्यंत गेलं असेल. थांबायचं नाव नाही. मी हात पुढे केला, तर सासूबाईंनी दिली नाही.

"रडू दे," त्या म्हणाल्या. "बघ. बघा सगळ्यांनी. तोंड बघा कसा उघडता."

त्या तिला घेऊन गॅलरीत गेल्या. मी मागून गेले. त्या कठड्याशी उभ्या राहून तिच्या उघड्या तोंडाकडे बघत होत्या आणि तिला काहीतरी सांगत होत्या, अगदी हळू, रडण्याच्या खालून. मला वाटलं, देवाचं काहीतरी असेल. जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

"तुका एक काको होतो," त्या सांगत होत्या. "तेका केस खूप होते, काळेभोर. आणि एक आत्या होती. ती तुझ्यासारखीच रडायची."